ब्रॉन्क्समधील एक खोली आणि वडिलांची ढोलकी

डीजे म्हटले की आमच्या कपाळाला आठी पडते. मिरवणुकीत भिंतीएवढे कर्णे लावायचे आणि वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची छाती धडधडवायची, एवढीच आमची त्याविषयीची समजूत. त्यावरून वस्तीतील मुलांशी आमचे वादही झालेले. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता न्यू जर्सीला पुतण्याकडे गेलो होतो. एके दिवशी तो म्हणाला, "काका, हिप-हॉप जिथे जन्मले ती जागा दाखवतो, चला." आम्ही फारशा उत्साहाने निघालो नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मॅनहॅटनमधून हार्लेम नदीवरचा पूल ओलांडला की ब्रॉन्क्स लागते. तेथे सेजविक अव्हेन्यूवर १५२० क्रमांकाची साधी, १८ मजली इमारत आहे. जवळूनच क्रॉस ब्रॉन्क्स महामार्गावरील मोटारींचा अखंड घोंघाट ऐकू येतो. १९४८ मध्ये या रस्त्याचे काम सुरू झाले आणि त्यापायी हजारो कुटुंबे घरांना मुकली. पुढे सत्तरच्या दशकात या भागातील इमारतीच्या इमारती जळाल्या, रोजगार गेला. मागे राहिले ते बहुतांशी गरीब काळे आणि पोर्टो रिकोचे लोक.

अशा काळात, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून इमारतीच्या सामायिक खोलीत नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. तबकड्या वाजवायला तिचा १८ वर्षांचा भाऊ क्लाइव्ह होता. जमैकातील किंग्स्टनहून १९६७ मध्ये आलेल्या या मुलाला जग आज डीजे कूल हर्क म्हणून ओळखते. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाणे थांबून नुसता ताल वाजू लागला की नाचणाऱ्यांच्या अंगात बळ येते. पण तो तुकडा काही सेकंदांतच संपतो. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा ताल संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा. सेकंदांचा ताल मिनिटे चालू लागला. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशने तबकडीवर खडूने खुणा करून ही जोडणी अचूक केली.

आम्ही पुतण्याला विचारले, "अरे, यात नवे काय? गाणे दुसऱ्याचे, ताल दुसऱ्याचा." त्याने याच शहरातील गोष्ट सांगितली. १९१७ मध्ये मार्सेल द्युशाँ या कलावंताने विकत आणलेले मुतारीचे भांडे 'फाउंटन' असे नाव देऊन प्रदर्शनाला पाठवले. संयोजकांनी ते मांडले नाही. पण तयार वस्तू निवडून तिला नवा अर्थ देणे हीसुद्धा कला, हा विचार त्यातून पुढे आला. हर्कने तयार गाण्याचे तेच केले, असे त्याचे म्हणणे. आम्हाला एक फरक जाणवला. चित्रप्रदर्शनात माणूस हात मागे बांधून पाहतो. येथे डीजेची नजर गर्दीवर असते. पाय मंदावले की तबकडी बदलावी लागते. म्हणजे कलाकृती दोघे मिळून घडवतात.

परंतु आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. जमा-नावेची सवय सुटत नाही. क्लाइड स्टबलफील्ड हा जेम्स ब्राउनचा ढोलवादक. 'फंकी ड्रमर' या गाण्यातील त्याचा तालाचा तुकडा पुढे शेकडो गाण्यांत उचलला गेला. पण गाण्याचे हक्क त्याच्याकडे नव्हते. त्यामुळे त्या वापराची रीतसर स्वामित्वधनाची रक्कम त्याला मिळाली नाही. २०१७ मध्ये तो वारला. हे ऐकताना आम्हाला वडील आठवले. गायन पार्टीत ते आयुष्यभर ढोलकी वाजवत. एका कॅसेटवर त्यांची ढोलकी आहे. वेष्टनावर गायकाचे नाव आहे, कंपनीचे आहे, ढोलकीवाल्याचे नाही.

या इमारतीलाही आपले नाव लावून घेण्यासाठी झगडावे लागले. माफक भाड्याच्या योजनेतून ती बाहेर काढण्याचा मालकाचा बेत होता, तेव्हा भाडेकरूंनी हिप-हॉपचा इतिहास पुढे केला. २००७ मध्ये राज्य शासनाने जन्मस्थान म्हणून दखल घेतली. तरीही २००८ मध्ये इमारत विकली गेली. पुढे शहर प्रशासनाच्या मदतीने २०११ मध्ये ती नव्या मालकाकडे गेली आणि माफक भाड्याची घरे टिकली. नाव नोंदलेले असले की घर वाचवण्याच्या भांडणात ते असे कामाला येते.

परतताना पुतण्याने फोनवर एक तुकडा ऐकवला. आवाज ओळखीचा वाटला. तो म्हणाला, "आजोबांची ढोलकी आहे, काका. त्या कॅसेटवरून घेतली." चार ठोके पुन्हा पुन्हा फिरत होते. पत्नीने डोळ्यांना पदर लावला. आम्ही एवढेच विचारले, "नाव टाकलेस का?" तो गप्प राहिला. रात्री घरी पोहोचल्यावर त्याने पहिल्यांदा ते काम केले.

गावी परतल्यावर आम्ही वस्तीतील मुलांना बोलावले. डीजे लावा, पण आवाज आवरा. आणि गाणे सुरू करण्यापूर्वी कवी, गायक आणि वाजवणारे यांची नावे घ्या, असे सांगितले. आवाजाचा वाद अजून मिटलेला नाही. नावे घेण्याचे मात्र मुलांनी मान्य केले आहे.