हा बाप कामावर जातो कधी?

लेकीकडे ब्रिस्बेनला उतरल्यावर नातीने पहिल्या संध्याकाळी मला सोफ्यावर बसवलं आणि टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "आबा, ही ब्लूई." निळ्या रंगाचं कुत्र्याचं पिल्लू, घरभर धुडगूस घालणारं. म्हटलं, "छान आहे मुलगा." नातीने कपाळाला हात लावला. ब्लूई मुलगी. तिची केशरी बहीण बिंगो, तीही मुलगीच. आई चिली, बाप बँडिट. आडनाव हीलर, जातही हीलर.

पहिले काही भाग माझ्या डोक्यावरूनच गेले. दुष्ट कोणी नाही, पाठलाग नाही, डोक्यात हातोडा नाही. सात मिनिटांत गोष्ट आटोपते. ती संपली हे मला कळेपर्यंत पुढची सुरू झालेली असते. एकात मुली खेळण्यातला झायलोफोन वाजवतात आणि बाप असेल त्या अवस्थेत पुतळ्यासारखा गोठतो. दिवसाढवळ्या! मी न राहवून जावयाला विचारलं, "हा बाप कामावर जातो कधी?"

"बाबा, तो पुरातत्त्वज्ञ आहे."

कुत्रा, आणि पोटापाण्यासाठी जमीन उकरतो! मी एकटाच खो खो हसत सुटलो. नातीला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्त्या गलबत्त्या'मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण आठवली. तिथेही पोरं एका जागी हसायची आणि त्यांना घेऊन आलेले भलत्याच जागी.

मग मी जरा सावरून बसायला लागलो. खांबांवर उचललेलं, व्हरांड्याचं हीलर मंडळींचं लाकडी घर लेकीच्या गल्लीत चार ठिकाणी दिसतं. जो ब्रम नावाच्या गृहस्थाने ही मालिका रचली, ती याच शहरातल्या लूडो स्टुडिओत तयार होते आणि २०१८पासून दाखवली जाते, ही माहिती जावयाने पुरवली.

पण मला खरं गाठलं ते 'क्रिकेट' नावाच्या भागाने. वाढदिवसाच्या पार्टीत रस्टी नावाचं पोर फलंदाजीला उभं आहे. मोठमोठे बाप चेंडू टाकून दमले, हा काही बाद होत नाही. खेळता खेळता त्याचं शिकणं उलगडत जातं. मोठ्या भावाच्या एका दांडगट मित्राचा चेंडू पायावर बसलेला असतो. तेव्हापासून हा स्टंप सोडून मागे सरकू लागतो. बाप सैन्यात, लांब कुठेतरी. त्याचं पत्र येतं: चेंडूहून कठीण गोष्टी पुढे येतील, मागे सरायचं की पुढे येऊन खेळायचं ते तू ठरव, आणि हो, धाकट्या बहिणीकडे लक्ष ठेव. शेवटी तो गडी बहिणीच्या हातात अलगद झेल देतो. मुद्दाम.

"आउट झाला!" नात टाळ्या पिटत ओरडली. मी चष्मा पुसत बसलो. सैन्यातल्या बापाबद्दल एकही रडवं वाक्य नाही, बहिणीवरच्या मायेबद्दल एक अक्षर नाही. आपल्याकडे एवढ्यावर पाऊण तास सनई वाजली असती. इथे एक झेल दिला आणि मंडळी मोकळी झाली. नातीला सामना दिसला, मला पत्र दिसलं, आणि दोघांनाही फसवल्यासारखं वाटलं नाही. ही कारागिरी आहे. लहान मुलांसाठी म्हणून भरड दळण चालतं, असं मानणाऱ्यांना हा भाग सक्तीने दाखवावा.

'स्लीपीटाइम'मध्ये बिंगो स्वप्नात ग्रहांमधून तरंगते तेव्हा होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधलं गुरूचं संगीत वाजतं. माझा कान भीमसेनजींवर पोसलेला. तरी तो भाग मी पुन्हा लावायला लावला.

काही गोष्टी अजून कळत नाहीत. 'कॅम्पिंग'मध्ये ब्लूईला ज्याँ-लुक भेटतो. तो फ्रेंचच बोलतो, ती इंग्रजीच, आणि खाली भाषांतर काही येत नाही. मी नातीला विचारलं, "काय म्हणाला गं तो?" तिला फ्रेंचचं ओ की ठो कळत नाही.

"खेळू या म्हणतोय," ती म्हणाली. "आबा, मध्ये मध्ये बोलू नका ना."