सहीचा अधिकार

३१ मे २०१६ ला आमचे मुख्याध्यापक सेवानिवृत्त झाले आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शाळेला दोन मुख्याध्यापक होते. एकाला अध्यक्षांच्या गटाने नेमलं होतं, दुसऱ्याला सचिवांच्या. दोघांच्याही हातात संस्थेचा ठराव, दोन्ही ठरावांवर गोल शिक्का, आणि शिक्काही सारखाच. ऑफिसात खुर्ची मात्र एकच. पहिले चार दिवस तिच्यावर कोणी बसलंच नाही. शिपाईमामा रोज सकाळी ती पुसायचे आणि दार ओढून घ्यायचे.

माणदेशातली ही शाळा, पाचवी ते दहावीची. मी तिथे सव्वीस वर्षं मराठी शिकवत होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे त्यांच्याकडे बघून आमच्या भागात ज्या लहान लहान संस्था उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक. जमीन गावाने दिलेली, दगड श्रमदानाने आणलेला. संस्थापक हयात होते तोवर पगाराच्या दिवशी ते ऑफिसात येऊन बसायचे आणि कोणाचा पगार अडला तर सायकलवरून स्वतः तालुक्याला जायचे. ते गेले आणि संस्था फुटली. एका बाजूला त्यांचा मुलगा, म्हणजे अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला जुने सचिव. दोघांनी दोन सभा घेतल्या, दोन कार्यकारिण्या निवडल्या.

विश्वस्त बदलले की तो बदल सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातल्या कलम २२ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत कळवावा लागतो. त्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. आमच्या संस्थेचे दोन चेंज रिपोर्ट दाखल झाले आणि दोन्हींवर एकमेकांच्या हरकती पडल्या. कळवायला ९० दिवस. आमच्याकडे निकाल लागायला चार वर्षं गेली.

शाळेच्या जगाबाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगून खरी वाटत नाही. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार संस्था देत नाही, सरकार देतं. संस्थेचा त्यात एक रुपया नसतो. मुख्याध्यापक शालार्थ प्रणालीत महिन्याचं बिल तयार करतात, ते जिल्ह्याच्या वेतन पथकाकडे जातं आणि तिथून पैसे बँकेत येतात. पण बिलावर मान्यताप्राप्त मुख्याध्यापकाची सही लागते. शिक्षणाधिकाऱ्यांनी दोघांपैकी एकालाही मान्यता दिली नाही. ज्येष्ठ शिक्षकाला तात्पुरता सहीचा अधिकार द्यायचं ठरलं की एक गट हरकत घ्यायचा. ती निकालात निघाली की दुसरा. आमच्या पगाराचे पैसे सरकारजवळ होते, आम्ही रोज वर्गावर होतो, आणि मधल्या एका सहीवाचून जून ते डिसेंबर सात महिने चौदा शिक्षक आणि पाच शिक्षकेतर कर्मचारी बिनपगारी राहिले. ही व्यवस्था चुकीची आहे असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. विश्वस्त कोण, याचा वाद दहा वर्षं चालू दे. त्याला शिक्षकाच्या पगाराला हात लावता येता कामा नये.

सात महिन्यांत सगळ्यात आधी आटलं ते आपसातलं बोलणं. आम्ही सगळेच पतसंस्थेचे कर्जदार आणि सगळेच एकमेकांचे जामीन. हप्ता पगारातून कापला जायचा, त्यामुळे इतकी वर्षं तो कोणाला जाणवलाच नव्हता. पगार थांबला आणि नोटिसा आल्या, कर्जदाराला एक आणि जामीनदारांना एकेक. चित्रकलेच्या बाईंच्या कर्जाला मी जामीन होते, माझ्या कर्जाला गणिताचे सर. ज्यांच्या शेजारी बसून वीस वर्षं डबा खाल्ला, त्यांची नजर चुकवावीशी वाटायला लागली. सरांनी मुलीची वसतिगृहाची फी भरायला म्हैस विकली, हे मला त्यांच्याकडून नाही, बाजारातून कळलं.

श्रावणात संस्थापकांचा मुलगा घरी आला. तो माझा विद्यार्थी. आठवीत त्याचं शुद्धलेखन मीच सुधारलं होतं. त्याने पिशवीतून शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर काढला. त्यांचीच कार्यकारिणी खरी, असं शिक्षकांचं प्रतिज्ञापत्र हवं होतं.

"बाई, तुम्ही केली की बाकीचे करतील. पुढच्या महिन्यात पगार काढून देतो."

"आणि नाही केली तर?"

"बाई, तुम्ही घरच्या. तुम्हाला काय सांगायचं?"

आठ दिवसांनी सचिवांकडूनही तसाच कागद आला, फक्त नावं वेगळी. मी दोन्हींवर सही केली नाही. दोन्ही सभांना मी हजर नव्हते, मग कोणती खरी हे शपथेवर कसं सांगू? दोन्ही गटांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली. पाच जणांनी इकडे सह्या केल्या, चौघांनी तिकडे. त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या घरी काय चाललं होतं ते मला माहीत होतं. पण त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये खुर्च्यांच्या दोन रांगा झाल्या.

हे सगळं आमचं, म्हणजे ज्यांची नावं बिलात होती त्यांचं. विज्ञानाच्या सरांचं नाव बिलात नव्हतंच.

ते जून २०१० मध्ये विनाअनुदानित तुकडीवर लागले. आदल्याच वर्षी सरकारने 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' हा शब्द काढला होता, म्हणून आज ना उद्या अनुदान येणार या भरवशावर ते आले. संस्थेकडून कधी मानधन म्हणून तीन हजार मिळायचे, कधी काहीच नाही. पहाटे गावच्या डेअरीत दुधाचं फॅट काढायचे, तिथून आंघोळ करून शाळेत. हजेरीपटावर त्यांचं नाव नसल्यामुळे ते वेगळ्या वहीत सही करायचे. मे २०१२ मध्ये सरकारने शिक्षकभरतीच बंद केली आणि दुसरीकडे जायची वाटही आखडली. तरी त्यांनी मुलांसाठी बांबूची दुर्बीण केली, ग्रहणाच्या दिवशी पोरांना पटांगणात काढलं, दहावीचा विज्ञानाचा निकाल कधी खाली येऊ दिला नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये अशा शाळांना आणि तुकड्यांना वीस टक्के अनुदान द्यायचा निर्णय झाला. वीस टक्के म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा. सहा वर्षांनी तो पाचवा हिस्सा येणार म्हणून सरांनी पेढे आणले होते. पण त्यासाठी आधी वैयक्तिक मान्यता हवी. मान्यतेच्या प्रस्तावाला नेमणुकीचा ठराव लागतो, आरक्षणाची बिंदुनामावली लागते आणि प्रत्येक कागदावर संस्थेच्या सचिवाची सही. मान्यता नाही तर शालार्थ आयडी नाही, आयडी नाही तर पगार नाही. संस्थेला सचिव दोन. सरांनी दोघांच्याही सह्यांचे दोन प्रस्ताव करून नेले. 'व्यवस्थापन वादग्रस्त' असा शेरा मारून दोन्ही परत आले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ते आठच दिवस आले. मग एका शनिवारी मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "बाई, लातूरला एका क्लासमध्ये बोलावलंय. महिन्याच्या महिन्याला देतात."

किती देतात ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शिक्षक जास्त पैशांसाठी सोडून जातात, असं लोक सहज बोलतात. पैशासाठीच जायचं असतं तर हा माणूस २०११ मध्येच गेला असता. साडेसहा वर्षं तो थांबला, तेव्हा त्याच्या हातात काहीही नव्हतं. फक्त आपलं नाव कधीतरी लागेल एवढी आशा होती. दोन गटांच्या भांडणात ती आशा गेली, तेव्हा तो गेला.

दहावीची मुलं दोन महिने रिकाम्या तासाला बसली. भरती बंद, त्यात नेमायचं कोणी? तासिकेवर घ्यायचं तर मानधन कोण देणार? सरांचा भिंगांचा धडा अर्धा राहिला होता. तो मी घेतला. मी मराठीची शिक्षिका. रात्री पुस्तक वाचून सकाळी वर्गावर जायचे. माझ्या वाचायच्या चष्म्याची काच उन्हात धरून कागद जाळून दाखवला आणि नाभीय अंतर पट्टीने मोजायला लावलं. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, सर परत येणार का?" त्याचं उत्तर कोणत्या पुस्तकात होतं?

जानेवारी २०१७ मध्ये सेवाज्येष्ठता यादीत माझं नाव पहिलं म्हणून सहीचा अधिकार मला मिळाला. पत्र हातात पडलं त्याच दिवशी लॉगिन घेतलं. लिपिकाने यादी उघडली. एकेक नाव, मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, कपाती. चित्रकलेच्या बाई, गणिताचे सर, शिपाईमामा. नियमित बिल पाठवलं, सात महिन्यांचं थकीत बिल वेगळं केलं. रात्री नऊ वाजता काम संपलं तेव्हा मी लिपिकाला म्हटलं, यादी पुन्हा एकदा वरपासून दाखवा. मला माहीत होतं त्यात काय नाही. चौदा शिक्षकांचा पगार मी एका सहीने काढू शकत होते. पंधराव्याच्या प्रस्तावाला मुख्याध्यापकाची सही पुरत नव्हती. मार्चमध्ये पैसे जमा झाले. पतसंस्थेने व्याजासकट कापून घेतले.

पुढच्या दोन वर्षांत इंग्रजीच्या बाई पुण्याला गेल्या, हिंदीचे सर अतिरिक्त ठरून समायोजनात दुसऱ्या तालुक्यात गेले. आठवीची एक तुकडी बंद झाली.

२०१९ च्या उन्हाळ्यात विज्ञानाचे सर आले. क्लास सोडला होता. पुण्याजवळच्या एका इंग्रजी शाळेत मुलाखत झाली होती आणि त्यांना अनुभवाचा दाखला हवा होता. दाखल्यावर मुख्याध्यापकाची सही चालते. मी ती वेगळी वही कपाटातून काढली. जून २०१० पासूनच्या सह्या होत्या, एकही दिवस कोरा नव्हता. मी स्वतः दाखला लिहिला. इतकी वर्षं, इतके महिने, विषय, इयत्ता. आणि शेवटी लिहिलं, ही संपूर्ण सेवा त्यांनी विनावेतन केली आहे. हे कुठेतरी कागदावर यावं असं मला फार वाटत होतं.

सरांनी दाखला दोनदा वाचला आणि टेबलावर ठेवला.

"बाई, विनावेतन लिहू नका. शेवटचा पगार किती, यावरून ते पगार ठरवतात."

मी दुसरा कागद घेतला.