मायन्यातच अडलेलं पत्र

प्रिय तुर्किये,

स. न. वि. वि.

मायन्यातच दहा मिनिटं गेली. आधी सवयीनं ‘प्रिय तुर्कस्तान’ लिहून बसलो होतो. मग आठवलं, डिसेंबर २०२१ मध्ये तुमच्या राष्ट्राध्यक्षांनी परिपत्रक काढलं आणि जून २०२२ मध्ये तुमचं पत्र संयुक्त राष्ट्रांकडे पोचलं. यापुढे आम्हाला ‘टर्की’ म्हणू नका, ‘तुर्किये’ म्हणा. तिथे ते लगेच मान्यही झालं. आता माझी अडचण अशी की मी मराठीत लिहितो, आणि मराठीनं तुम्हाला ‘टर्की’ म्हणून हाक मारलेली मला तरी आठवत नाही. शाळेच्या भूगोलात तुम्ही तुर्कस्तान होता, घरी येणाऱ्या पेपरातही तुर्कस्तानच. तेव्हा तुमची विनंती मला लागू आहे की नाही?

हा प्रश्न मी हौस म्हणून विचारत नाहीये. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुमच्याकडे पहाटे भूकंप झाला आणि संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर बातमीचे तीन तुकडे येऊन पडले. जुन्या सहकाऱ्यानं लिहिलेल्यात तुर्कस्तान, हिंदीवरून घेतलेल्यात तुर्की, इंग्रजीवरून केलेल्यात तुर्किये. पान सोडायची घाई. मथळ्याच्या जागेत ‘तुर्की’ छान बसत होतं, कारण अक्षरं कमी. पण साहेब म्हणाले, मथळा तुर्कस्तानच. शेवटी मथळ्यात तुर्कस्तान, मजकुरात तुर्किये आणि नकाशात तुर्की असं छापून आलं. दुसऱ्या दिवशी एका आजोबांचा फोन. आवाजात थट्टा नव्हती, काळजीच होती. “अहो, सीरिया धरून एकूण चार देशांत झाला का भूकंप?” तुमच्याकडे पन्नास हजारांवर माणसं गेली होती, आणि आम्ही तुमचं नावसुद्धा एका पानावर धड एक ठेवू शकलो नव्हतो. ती रुखरुख अजून आहे. हे पत्र बहुधा त्यामुळेच.

इंग्रजीवरची तुमची तक्रार मला पटते. देशाचं नाव आणि नाताळच्या ताटातला पक्षी यांना एकच शब्द, त्यात इंग्रजी शब्दकोशात त्याच शब्दाला साफ आपटलेलं नाटक आणि मूर्ख माणूस असेही अर्थ. असं नाव कोण मिरवेल? पण खरा अन्याय त्या पक्ष्यावर झालाय. तो मूळचा अमेरिकेचा. तुमच्या बाजूच्या व्यापारातून इंग्रजांकडे आधी दुसरीच एक कोंबडी पोचली होती, तिला ते ‘टर्की’ म्हणू लागले, आणि पुढे अमेरिकेतला पक्षी दिसल्यावर त्यालाही तेच नाव चिकटवून मोकळे झाले. म्हणजे नाव तुमच्यावरून पक्ष्याला गेलं आणि फिरून तुमच्याच अंगावर आलं.

आणि तुम्ही स्वतः त्या पक्ष्याला काय म्हणता? ‘हिंदी’! फ्रेंचांनीही त्याला हिंदुस्थानचाच ठरवला, डचांनी तर थेट कालिकतचा. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. आम्ही पेरूला तिखटमीठ लावून खातो, ते फळ वेगळं. थोडक्यात, ज्यानं त्यानं तो पक्षी दुसऱ्याच्या अंगणात हाकलला. तुमच्या अंगणातला हाकलायला तुम्ही २०२२ साल उजाडू दिलंत, एवढंच.

आता हे सगळं इंग्रजीतच का, हे आम्हाला वेगळं सांगायला नको. इंग्रजी ही आज जगाची टपालखिडकी आहे. मालाच्या खोक्यावरचा शिक्का, विमानतळावरचा फलक, व्हिसाचा अर्ज, सगळं त्या खिडकीतून जातं. तुम्ही तर पहिल्यापासून या खिडकीशी भांडत आलात. १९३० मध्ये जगाला सांगितलंत की पत्रावर कॉन्स्टँटिनोपल चालणार नाही, इस्तंबूल लिहा. अंगोराचं अंकारा झालं, स्मिर्नाचं इझमीर. अंगोरा नाव उरलं ते बोकडाला आणि लोकरीला. इराणनं १९३५ मध्ये ‘पर्शिया’ नको म्हटलं, तेव्हा घरात ते लोक आधीपासून इराणच म्हणत होते. २०१८ मध्ये स्वाझीलँडच्या राजानं देशाचं नाव एस्वातिनी केलं. लोक आपल्याला स्वित्झर्लंड समजतात, हे त्याचं एक कारण. पेकिंगचं बीजिंग झालं तेव्हा चिनी माणसाच्या उच्चारात तसूभर फरक पडला नाही, बदललं ते रोमन लिपीतलं स्पेलिंग.

आमच्या मुंबईचंही तसंच. १९९५ मध्ये बॉम्बेचं मुंबई झालं म्हणतात. माझ्या आजीला हे समजावून सांगता आलं नसतं. तिच्या तोंडी बॉम्बे कधी नव्हतंच, मग झालं काय? मुंबईची मुंबई झाली. (छत्रपती संभाजीनगरची गोष्ट निराळी, तिथे घरातलंच नाव बदललं.) इंग्रजीत उच्च न्यायालय अजून बॉम्बेचं आहे, आयआयटीही. तुमचा अंगोरा बोकड तसा आमचा बोंबील, इंग्रजीत तो अजून ‘बॉम्बे डक’च आहे. बदक नसून.

अर्थात नावाच्या मागे मान असतो तशी सोयही असते. तुम्ही परिपत्रक काढलंत, परदेशी पर्यटकांच्या तोंडून ‘हॅलो तुर्किये’ म्हणवणारी जाहिरात केलीत. संयुक्त राष्ट्रांना पत्र गेलं त्या सुमारास तुमच्याकडची महागाई ७० टक्क्यांच्या वर होती आणि वर्षभरात निवडणूक होती. नाव बदलायला खर्च कमी येतो आणि टाळ्या लगेच मिळतात. हे आम्हाला इकडे बसून नीट कळतं.

पण मला टोचतं ते वेगळंच. तुमच्या त्या ‘उ’वर दोन टिंबं आहेत, आणि ती साऱ्या जगानं द्यावीत अशी तुमची अपेक्षा आहे. ठीक. पण १९२८ मध्ये तुम्ही नवी लिपी घेतलीत तेव्हा तिच्यात क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरं ठेवली नाहीत. कुर्दी भाषेला ती लागतात. मग कुर्दी आईबापांना मुलाचं नाव त्याच्या खऱ्या अक्षरांत नोंदवता येईना. नवरोजचा सण डब्ल्यू घालून लिहिला म्हणून लोकांवर खटले झाले. ती बंदी सैल करायला २०१३ उजाडलं. डेर्सिमचं तुम्ही १९३५ मध्ये तुंजेली केलंत. कुर्दी, आर्मेनियन, ग्रीक अशा हजारो गावांच्या पाट्या बदलल्यात, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना कोणी विचारलं नाही की तुम्ही घरात काय म्हणता. आपल्या दोन टिंबांसाठी न्यूयॉर्कला पत्र धाडणाऱ्यानं दुसऱ्याची तीन अक्षरं इतकी वर्षं अडवून धरावीत, याला आमच्याकडे काय म्हणतात ते मी लिहीत नाही. पत्र सौजन्याचं आहे.

शिवाय तुमच्या भाषेत भारत हा हिंदिस्तान, ग्रीस हा युनानिस्तान, इजिप्त हा मिसिर. यात गैर काही नाही. शेजाऱ्याला प्रत्येक घरात वेगळं नाव असतंच. ग्रीक माणूस अजून तुमच्या इस्तंबूलला कॉन्स्टँटिनोपलच म्हणतो, आणि इस्तंबूल हा शब्दही मुळात ग्रीकांच्याच ‘शहरात’ अशा अर्थाच्या शब्दांतून आला असं मानतात.

म्हणून मराठीपुरतं माझं म्हणणं ऐका. आमच्या ‘तुर्कस्तान’मध्ये एक खोट आहे, ती कबूल करतो: मध्य आशियालाही तेच नाव आहे, त्यामुळे इतिहासाचं पुस्तक वाचताना घोळ होतो. पण त्यात पक्षी नाही आणि टिंगलही नाही. तुर्क म्हटलं की आमच्याकडे मिशीला पीळ देणारा तरणाबांड गडी डोळ्यांपुढे येतो. मधुकर तोरडमलांच्या नाटकाच्या नावातही तुर्क तरुणच आहे, म्हातारे ते अर्क. आंघोळीनंतरचा जाड टॉवेल घराघरात ‘टर्किश’च राहणार आहे, त्याला माझा इलाज नाही. पेपरात मात्र आम्ही आता ठरवलंय: करार, सामने, संयुक्त राष्ट्रं असली की तुर्किये. अग्रलेखात साहेब तुर्कस्तान लिहितात, ते मी कापत नाही. नकाशातला ‘तुर्की’ तेवढा काढून टाकलाय.

हे पत्र तुमच्या वकिलातीच्या पत्त्यावर टाकतोय. पाकिटावर तुमचं नाव इंग्रजीत छापलं, पण ती दोन टिंबं आमच्या ऑफिसातल्या कळफलकावर सापडली नाहीत. निळ्या पेनानं दिली आहेत. डावीकडचं जरा फिसकटलंय.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक उपसंपादक