चार भोके जुळली, तरी चाक जुळले नव्हते

जुनी वस्तू विकत घेणे आमच्या घराला नवीन नाही. शिलाई मशीन जुने, सायकल जुनी, कपाट जुने. दारातली स्विफ्टही जुनीच, 2009 ची. पण जुनी वस्तू मापाने घ्यावी लागते, हे आम्ही पैसे मोजून शिकलो. आमच्यासारख्या घरांतून आता जुन्या गाड्या येऊ लागल्या आहेत, म्हणून हा अनुभव सांगावासा वाटतो.

थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला रत्नागिरीहून माहेरी यायची होती. तिला आंबा घाटातून आपल्याच गाडीने आणायचे ठरले. धाकट्याला हौस आली, "ताई येणार, तर गाडीला अलॉयची चाके बसवू या." जुन्या सामानाच्या एका दुकानात दुसऱ्या कंपनीच्या गाडीची चार चाके 9,000 रुपयांना मिळाली. दिसायला चकाचक. भोके बोल्टांवर बसली, नट आवळले, आम्ही खुशीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी किणी टोलनाक्याच्या बाजूला चक्कर मारली. काटा 70 च्या पुढे गेला आणि स्टिअरिंग थरथरू लागले. दोनच दिवसांनी घाट उतरायचा होता. पोटात गोळा आला. हळूहळू परतलो आणि गाडी थेट उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी चाक उतरवून माप घेतले. म्हणाले, "अण्णा, चार भोकं जुळली म्हंजे चाक जुळलं न्हवं. तुम्ही फौंड्रीतली माणसं, माप न बघता चाकं कशी घेतलीसा?" शिरोलीत 22 वर्षे ओतकाम केलेले आम्ही, खाली मान घातली.

मग त्यांनी एकेक गोष्ट दाखवली. चार बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. स्विफ्टचा तो 100 मिलिमीटर. जुन्या मारुती 800 चा 114.3, तिथे फरक लगेच कळतो. पण फियाट पॅलिओचा 98. दोनच मिलिमीटरचा फरक. जोर लावून नट आवळला तर बोल्टावर कायमचा ताण. चार भोकांच्या चाकात एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत मोजले की पीसीडी मिळतो.

आमचा पीसीडी जुळला होता. चुकले ते मधले भोक. स्विफ्टचा हब 54.1 मिलिमीटरचा, चाकाचे भोक 56.1. चाक नेमके मध्यावर बसत नव्हते, म्हणून थरथर. तिथे मापाची रिंग लागते. त्याहून गंभीर चूक नटांची. चाकातली बैठक गोल, आमचे नट निमुळते. नट अगदी बारीक कडेवर टेकत होते. असे नट चालता चालता सैल होतात. त्या गाडीचे नट वापरावेत, तर तेही चालत नाहीत. त्यांचा आटा 1.5 चा, स्विफ्टचा 1.25 चा. जबरदस्ती केली की बोल्टाचा आटा गेला.

चाकाच्या आतल्या बाजूला ईटी असा आकडा असतो. तो मूळ आकड्यापेक्षा बराच कमी असेल तर चाक बाहेर येते, जास्त असेल तर आत घासते. टायरचाही हिशेब करावा. आमचे मूळ टायर 165/80, 14 इंची. एकूण उंची सुमारे 620 मिलिमीटर. 15 इंची चाकावर 185/65 घेतले तर सुमारे 622. म्हणजे चालते. उंची फार बदलली की वेगाचा काटा खोटे सांगतो.

दुकानदाराने चाके परत घेतली, पण 6,000 रुपयेच दिले. लेकीला आम्ही जुन्या लोखंडी चाकांवरच आणले. घाटात ती निवांत झोपली होती. धाकटा गाडी चालवत होता. चाकांचे नाव त्याने काढले नाही.

नात तीन महिन्यांची झाल्यावर दुसऱ्या स्विफ्टचीच चाके घेतली. या वेळी पैसे देण्याआधी बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून वाकडेपणा पाहिला, आतून तडा किंवा वेल्डिंग नाही ना ते पाहिले. नव्या रंगाखाली दोष लपतात, हे ओतकामवाल्याला वेगळे सांगायला नको होते. बसवल्यावर शंभरेक किलोमीटरने नट पुन्हा आवळून घेतले.

वाचकहो, हौस जरूर करा. पण दुकानात जाताना मोजपट्टी खिशात ठेवा, आणि घासाघीस करण्याआधी ती बाहेर काढा.