भट्टीपुढची प्रतीक्षा

घरोघरी ओव्हन नव्हते त्या काळी नाताळच्या आधीच्या आठवड्यात आपल्या गावांतून बेकरीपुढे रांग लागत असे. अंडी, लोणी, साखर आणि मैदा घरी फेसून, पत्र्याच्या डब्यांतून ते मिश्रण भट्टीवर नेले जाई. बेकरीचे पाव भाजून झाले की मग या डब्यांची पाळी. तोवर तास-दीड तास सहज जाई. कोणाचा केक छान फुगून येई, कोणाचा मध्येच बसे. बसला की दोष ठेवण्यास जागा दोनच: भट्टीवाल्याचा विस्तव, नाही तर घरातल्या नव्या सुनेचा हात. 'हिच्या हाताला गुण नाही,' हे वाक्य मी अनेक ओट्यांवर ऐकले आहे आणि ते निमूटपणे गिळणाऱ्या मुलीही पाहिल्या आहेत. वर्षभर जपून ठेवलेल्या पैशांचे लोणी वाया गेले, ही हळहळ खरी असे. निवाडा मात्र बहुधा खोटा असे.

खाण्याच्या सोड्याला दही किंवा लिंबाचा रस भेटला की त्याच क्षणी कार्बन डायऑक्साइड वायू सुटू लागतो. केक हलका होतो तो याच बुडबुड्यांनी. पण ते कोणासाठी थांबत नाहीत. मिश्रण रांगेत पडून राहिले की ते वर येऊन फुटतात, आणि भट्टीत जाते ते दमलेले, जड पीठ. अंडी फेसून कोंडलेली हवाही अशीच हळूहळू निसटते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली, यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठी बेकिंग पावडर तयार केली. पुढे दोनदा काम करणारी पावडर निघाली. ती ओली होताच थोडा वायू सोडते व उरलेला आच लागल्यावर. अशा पावडरीचे मिश्रण फ्रिजमध्ये काही काळ तग धरते, कारण थंडीत ही क्रिया मंदावते. तरी तिचीही शक्ती अखंड राहत नाही. म्हणून कोरडे जिन्नस एका भांड्यात व ओले दुसऱ्यात ठेवून, भट्टी तापल्यावरच ते एकत्र करावेत, हा उपाय सर्वांत सोपा.

याउलट काही पिठांना थांबणेच मानवते. गोव्यातील बात या खोबऱ्याच्या केकचा रवा रात्रभर भिजून फुगतो. पुष्कळ गृहिणी बेकिंग पावडर मात्र सकाळी, भाजण्याच्या वेळीच घालतात. फुग्यांच्या पिठाची गोष्ट आणखी वेगळी. त्यातले यीस्ट, पूर्वी ताडीतले खमीर, जिवंत असते. ते पिठातली साखर खात वायू निर्माण करीत राहते. काही तासांच्या मुक्कामात ते पीठ फुगते आणि त्याला चवही येते. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. फार वेळ ठेवले तर ते आंबट होऊन खाली बसते.

एकाच घरात, एकाच सणासाठी मळलेल्या दोन पिठांचे स्वभाव इतके भिन्न असावेत, याचे मला नेहमी नवल वाटते. एकाला थांबविणे म्हणजे त्याचा श्वास काढून घेणे. दुसऱ्याला घाई करणे म्हणजे त्याचा जीव फुलू न देणे. माणसांचेही असेच नाही का? सासरी आलेल्या मुलीला रुळण्यास वेळ हवा असतो, आणि तिच्या हक्काचा कौतुकाचा शब्द मात्र वेळीच मिळावा लागतो. आपण बहुधा उलट करतो: निकाल तत्काळ देतो आणि कौतुक लांबणीवर टाकतो.

प्रभू येशूने स्वर्गाच्या राज्याला उपमा दिली ती पिठात लपविलेल्या खमिराची. ते खमीर पिठात कालविणारी एक स्त्री होती, आणि सगळे पीठ फुगेपर्यंत तिने वाट पाहिली असणार. आगमनकाळाचे चार रविवार आपल्यालाही वाट पाहण्यास शिकवितात. कशासाठी थांबावे आणि कशासाठी क्षणभरही थांबू नये, एवढे त्या चार रविवारांत उमगले, तर नाताळ आपल्या घरी वेळेवर पोहोचला असे मी म्हणेन.