४.२ मीटर प्रति सेकंद

‘चिमुकल्यावर गुंतागुंतीची हृदयशस्त्रक्रिया यशस्वी’ अशा बातम्या आपण वाचतो, आनंदतो आणि पुढे पाठवतो. त्या चिमुकल्याच्या दहाव्या वर्षाची बातमी मात्र कधी येत नाही. आजचे हे लेखन त्या न आलेल्या बातमीविषयी आहे, आणि माझ्या एका चुकीविषयीही.

बंगळूरमधील ज्या संस्थेत मी द्रवगतिकीवर संशोधन करते, तेथील कार्यशाळेत लेथवर काम करणारे एक ज्येष्ठ कारागीर आहेत. मूळचे ओडिशाचे. माझ्या प्रयोगांतील बहुतेक नळ्या त्यांच्याच हातच्या. पाच वर्षांपूर्वी बोलता बोलता त्यांनी सांगितले, की त्यांच्या मुलीच्या हृदयात उजव्या निलयातून फुफ्फुसांकडे जाणारी वाट जन्मतःच नव्हती. ती दीड वर्षाची असताना शस्त्रक्रिया झाली आणि झडप असलेली एक नळी बसवून ती वाट तयार केली गेली. मी म्हणाले, “चला, म्हणजे काळजी मिटली.” तेही हसले. पुढे आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

गेल्या पावसाळ्यात ते इकोचा अहवाल घेऊन आले. मुलगी आता अकरा वर्षांची. शाळेचा जिना चढताना ती मध्येच बसू लागली होती. “मॅडम, डॉक्टरांनी सांगितले ते पुरते कळले नाही. आकडे तुम्हाला कळतात.”

अहवालात नळीतून जाणाऱ्या रक्ताचा कमाल वेग ४.२ मीटर प्रति सेकंद असा दिला होता. बर्नुलीचे समीकरण आपण शाळा-महाविद्यालयात शिकतो. रक्ताची घनता सुमारे १०६० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरून दाबाचे एकक पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये बदलले, की दाबातील फरक वेगाच्या वर्गाच्या चौपट येतो. हृदयरोगतज्ज्ञ रोज वापरतात ते सूत्र हेच. ४.२ चा वर्ग १७.६४, त्याची चौपट सुमारे ७०. निरोगी उजवे निलय आकुंचन पावताना साधारण २५ मिलिमीटर दाब निर्माण करते. या मुलीच्या निलयाला रक्त त्या नळीतून पलीकडे ढकलण्यासाठीच ७० मिलिमीटर जास्तीचा दाब लावावा लागत होता. कागदाच्या कोपऱ्यात हा गुणाकार करताना माझा हात थांबला. हे समीकरण मी वर्षानुवर्षे शिकवत आले होते.

नळीचे काय झाले होते? ती डेक्रॉनच्या कापडाची होती आणि आत डुकराच्या ऊतीपासून केलेली झडप होती. अशी ऊती ग्लुटराल्डिहाइडमध्ये ठेवून टिकाऊ करतात. त्यामुळे तिच्यातील कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि शरीराचा विरोध कमी होतो. पण त्यातील पेशी मृत असतात. जिवंत पेशी आत शिरलेले कॅल्शिअम बाहेर टाकते, मृत पेशीला ते जमत नाही. तिच्या आवरणातील फॉस्फोलिपिडांवर कॅल्शिअमचे क्षार धरू लागतात. वाढत्या वयात शरीरातील कॅल्शिअमची उलाढाल वेगवान असते, म्हणून मुलांत हे मोठ्यांपेक्षा लवकर घडते. शिवाय कापडाच्या आतल्या बाजूस तंतुमय थर जाड होत जातो.

मी हे सांगत होते तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे गिझरच्या नळीसारखे. बोअरवेलच्या पाण्याने क्षार चढतात. नळी १४ ची बसवली, पण आतला बोअर ९ चाच उरला.”

त्यांना अर्धे कळले होते. उरलेले अर्धे अधिक कठीण आहे. आत कणभरही क्षार चढला नसता, तरी ती नळी एक दिवस अपुरी पडणारच होती. मूल वाढते, नळी वाढत नाही. व्यास तोच राहून प्रवाह दुप्पट झाला, की दाबातील फरक चौपट होतो. “मग सुरुवातीलाच मोठी का नाही घातली?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तान्ह्या मुलाच्या छातीत तेवढी जागा नसते. फार मोठी नळी उरोस्थीमागे दाबली जाते.

१९६६ साली लंडनमध्ये डोनाल्ड रॉस आणि जेन सॉमरव्हिल यांनी दान मिळालेली मानवी महाधमनी झडपेसह वापरून अशी वाट तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर मानवी ऊती, डेक्रॉन, गाईच्या मानेतील शीर असे अनेक पर्याय आले. मूल जितके लहान आणि नळी जितकी अरुंद, तितकी ती लवकर बदलावी लागते, हा नियम कोणालाच पुरता मोडता आलेला नाही. २००० साली पॅरिसमध्ये फिलिप बोनहोफर यांनी बारा वर्षांच्या एका मुलाच्या अरुंद झालेल्या नळीत, छाती न उघडता, शिरेतून नवी झडप बसवली. पण त्यासाठी जुनी नळी पुरेशी रुंद असावी लागते. १४ मिलिमीटरच्या नळीत मोठ्या माणसाला पुरेल अशी झडप मावत नाही.

तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने घडवलेली झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली. त्याआधीचे अनेक नमुने चाचण्यांत नापास झाले होते. त्या चिकाटीचा मला आजही अभिमान वाटतो. हृदय वर्षाला सुमारे ४ कोटी ठोके देते. यंत्रावर तेवढे ठोके काही आठवड्यांत मोजून घेता येतात. मुलाची वाढ मात्र अशी घाईने करून पाहता येत नाही. तिचे मोजमाप करण्याचा एकच मार्ग असतो: वर्षानुवर्षे नियमित इको.

आणि नेमका तोच मार्ग तुटला होता. शस्त्रक्रियेचा खर्च मदतीतून निघाला होता. नंतर नोकरीसाठी शहर बदलले, फाइल ट्रंकेत गेली. मुलगी खेळत होती, म्हणून ती बरी आहे असे सर्वांनी मानले. उजवे निलय वाढता दाब बराच काळ मुकाट सोसते, त्याची भिंत जाड होत जाते. धाप लागते ती फार उशिरा. सलग सहा वर्षे इको झाला नव्हता. त्यांतली पाच वर्षे मी त्या माणसाला रोज भेटत होते.

मुलीची दुसरी शस्त्रक्रिया झाली. जुनी नळी उरोस्थीला चिकटलेली असल्याने छाती पुन्हा उघडणेच जोखमीचे होते. आता २० मिलिमीटरची नळी आहे. तीही कायमची नाही, हे या वेळी वडिलांना ठाऊक आहे. लेथला तेल-पाणी करण्याचा तक्ता त्यांनी भिंतीवर लावला आहे. त्याच्या शेजारी आता पुढच्या इकोची तारीख लिहिलेली असते. जाता-येता ती मीही वाचते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या परिचयात असे मूल असेल तर ‘आता काळजी मिटली’ असे म्हणू नका. ‘शेवटचा इको कधी झाला?’ एवढे विचारा. मी ते विचारले नव्हते.