उन्हात चढलेला सूर

वैशाखात रावेरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. केळीच्या बागा पाण्यासाठी आ वासून असतात, दुपारी पेठेत कुत्रंही फिरकत नाही, आणि नेमक्या याच दिवसांत बँडवाला गळ्यापर्यंत बटणं लावलेला लाल कोट घालून भर रस्त्यात उभा राहतो. खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. हा थाट मुळात इंग्रजी पलटणींच्या वाजंत्र्यांचा. पलटणी गेल्या, कोट राहिला. लग्नाच्या तिथी दाट त्या उन्हाळ्यातच, त्यामुळे बिचाऱ्याची त्यातून सुटका नाही.

उन्हाचा त्रास अंगालाच होतो असं नाही, वाद्यालाही होतो. हवा तापली की फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर वर सरकतो. सकाळी हळदीला जुळलेलं क्लॅरिनेट दुपारच्या मिरवणुकीत चढं बोलू लागतं. ट्रम्पेटचं पितळ तर हाताला चटके देतं. शेजारच्या हातगाडीवरचा कीबोर्ड मात्र ऊन असो की थंडी, आपल्या जागचा हलत नाही. मग बँडमास्तर क्लॅरिनेटचा सांधा थोडा बाहेर ओढतो, ट्रम्पेटवाला नळी सरकवतो आणि दोघं मिळून यंत्राशी कशीबशी सोयरीक जमवतात. ऐकणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला नाचायचं असतं.

साठच्या दशकात रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात जन्मलेल्या माणसाचं बालपण बँडच्या मागे धावण्यात गेलं. त्याच्या आजोबांच्या लग्नात सनई-संबळ वाजले असतील, तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्यात पालकडे आजही होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारात पावरा मंडळींचे मोठाले ढोल घुमतात. पण गावातल्या पोरांना वेड होतं ते पितळेचं. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायकांच्या दोन रांगा, मधे वाजवणारे, पुढे नाचणारे आणि सगळ्यात मागे घोड्यावर अवघडून बसलेला नवरदेव. नवरदेवाकडे कोण बघतो! पोरांची नजर मोठ्या ढोलावर, तो पोटाशी बांधून चालणाऱ्या माणसाच्या पायांना पुढचं दिसतं तरी कसं, यावर.

आणि मग नागीण.

‘नागिन’ सिनेमा १९५४ चा. त्यातली पुंगी सत्तर वर्षं झाली तरी वरातीतून हटलेली नाही. कुणीतरी दातांत रुमालाचं टोक धरून आडवा होतो, दुसरा गारुडी होऊन हातांची पुंगी करतो. क्लॅरिनेटवाला वाकतो, कधी गुडघे टेकतो, वाद्याचं तोंड थेट नागाच्या कपाळावर रोखतो. आता खरी गंमत. ओळ संपलेली असते, पण नाग उठलेला नसतो. मास्तर डोळ्यानं ताशेवाल्याला थांबवतो, शेवटचा सूर दमात धरून ठेवतो, गाल फुगतात, मानेच्या शिरा तट्ट होतात. नाग फणा काढून उठला रे उठला की ढोलावर थाप पडते. हे कुठल्याही नोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. नाचणाऱ्याच्या पायांकडे बघून वाजवणं, हीच बँडची विद्या.

मजा अशी, की ज्या पुंगीसाठी एवढी छाती फोडायची, ती मूळ ध्वनिमुद्रणात खऱ्या पुंगीची नव्हतीच. संगीतकार हेमंतकुमार यांच्याकडे तेव्हा काम करणाऱ्या कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर काढली होती, जोडीला रवी यांची हार्मोनियम. म्हणजे गारुड्याची पुंगी यंत्रानं उचलली आणि यंत्राची नक्कल बँडवाल्यानं पुन्हा फुंकरीवर आणली. ‘कीबोर्ड आला आणि अस्सलपणा गेला’ असं म्हणणाऱ्या जाणत्यांनी हा उलटसुलट प्रवास ध्यानात घ्यायला हरकत नाही.

ते हार्मोनियमवाले रवी पुढे स्वतः संगीतकार झाले आणि हिंदुस्थानातल्या वरातींचं निम्मं भांडवल त्यांनी एकट्यानं पुरवलं. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) मधलं दोस्ताच्या लग्नाचं गाणं त्यांचं, ‘आदमी सडक का’ (१९७७) मधलंही त्यांचंच. मुलीच्या पाठवणीला ज्या सुरावटीनं मांडवातले बाप्ये डोळे पुसायचे, ती ‘नीलकमल’ (१९६८) मधली चालसुद्धा रवींचीच. रावेरच्या मांडवाबाहेर ती रोज वाजवणाऱ्याला रवी हे नाव ठाऊक असायचंच असं नाही. त्याला चाल पाठ, आणि कुठल्या वळणावर मुलीची आई हुंदका देते, तेही पाठ.

या माणसांकडे समाजानं मात्र वाद्यासारखंच पाहिलं: वाजेपर्यंत हवं, वाजून झालं की कोपऱ्यात. सुपारी घेताना घासाघीस, ठरल्यापेक्षा दोन गल्ल्या जास्त वाजवून घ्यायचं, ओवाळून टाकलेल्या नोटांवर डोळा ठेवायचा. वरण-बट्टीच्या पंगतीत बँडवाले शेवटी बसणार, तोवर घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा तळ लागलेला. चातुर्मासात तिथी नाहीत, मग हीच बोटं मजुरीला लागतात. ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकानं भारतीय लग्नांच्या बँडवाल्यांवर ‘ब्रास बाजा’ हे अख्खं पुस्तक लिहिलं, तेही २००५ मध्ये. आपल्याकडे मात्र मास्तरचं नाव लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यातसुद्धा छापत नाहीत.

साठच्या दशकातल्या त्या पोराच्या स्वतःच्या लग्नात पितळ होतं. त्याच्या मुलाच्या लग्नात डीजे आला. खान्देशात या दोहोंच्या मधे एक तिसरी जात तयार झाली आहे: गाडीवर कर्णे, कीबोर्ड, पॅड, हातात माईक धरलेला गायक, आणि यूट्यूबवर गाजलेली अहिराणी गाणी. रावेरच्या घरांत लेवा गणबोली, तरी नाचायला अहिराणी चालते. हे ‘म्युझिकल’ बँड जुन्यांना कर्कश वाटतात, पण त्यातला कीबोर्डवाला अजून पायांकडे बघतो. डीजेवाला बघतो पडद्याकडे. फरक आवाजाच्या जातीचा नाहीच, या नजरेचा आहे. बाकी आवाज दोघांचाही मोठा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही २००० सालच्या नियमांतली मर्यादा वरातीत कुणाच्या खिजगणतीत नसते. रात्री दहा वाजता पोलिसांची गाडी आली, तरच तेवढा कायदा आठवतो.

बँडवाल्याला खरी धास्ती पोलिसांची नाही, पंचांगाची असते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. ऐन लग्नसराईतला महिना कोरडा. त्यामुळे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपासच्या तिथींवर गर्दी उसळणार, एका दिवशी दोन-दोन सुपाऱ्या, एक सकाळी रावेरात तर दुसरी संध्याकाळी बऱ्हाणपूरला. मास्तर फोनवर बयाणा आधी पाठवायला सांगतो. पलीकडून नवरदेवाचा काका विचारतो, क्लॅरिनेटवाला कमी केला तर किती कमी पडतील?